किलोमीटरला एक रेघ

"ऑक्सिजनाचा टेन्शन घेव नका," रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराची कडी लावत सत्यवान तारी म्हणाला. "भरलेली टाकी कोल्हापूर पार करून जाता. माझा ॲव्हरेज ठरलेला आसा."

गाडीला ॲव्हरेज असतं हे मला ठाऊक होतं. ऑक्सिजनलाही असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"किती पडतं?" मी विचारलं.

"किलोमीटराक एक रेघ. कमी नाय, जास्त नाय. तुमी काट्याकडे बघा नि दगड मोजा."

एवढं सांगून तो पुढे गेला आणि त्याने मॅटाडोर सुरू केली. ही मॅटाडोर आमच्या देवगडातल्या एका क्रीडा मंडळाची. तिच्या एका बाजूला लाल क्रॉस होता आणि दुसऱ्या बाजूला बॅट व चेंडू. गाडी आधी खेळाडूंसाठी घेतली होती, रुग्ण नंतर सुचले. आत एक खाट, खाटेच्या उशाशी पट्ट्याने आवळून उभी केलेली ऑक्सिजनची टाकी, टाकीला लागून एक आखूड बाक आणि पायथ्याशी एक स्टूल होतं. बाकावर कुसुमकाकू होत्या, स्टुलावर मी आणि खाटेवर शाल पांघरलेले नारिंग्रेकर सर.

सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं होतं. पुढे मी एम.एस्सी. होऊन तिथल्याच ज्युनियर कॉलेजात गणित शिकवू लागलो आणि त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. तेव्हापासून ते मला 'प्राध्यापक' म्हणत आणि अहोजाहो करत. अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या माणसाला प्राध्यापक म्हणणं हा त्यांच्या मते विनोद होता. तो त्यांना कधी जुना वाटला नाही.

मे महिना होता. सकाळी डॉक्टरांनी सरांच्या छातीचा एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला होता. दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत होती. "इथे ठेवण्यात अर्थ नाही, कोल्हापूर गाठा," ते म्हणाले. मग त्यांनी टाकीची आकडे कोरलेली चावी स्वतः फिरवून सहावर आणली. "मिनिटाला सहा लिटर. ऑक्सिजन थांबला तर अर्धा तासही निघायचा नाही, म्हणून चावीला कुणी हात लावायचा नाही."

काकूंनी हे देवाचं सांगणं असल्यासारखं ऐकलं आणि बाकावर बसल्या बसल्या पदराचं टोक चावीवर टाकलं. दृष्ट लागू नये म्हणून असावं. सरांचा मुलगा पुण्याहून परस्पर कोल्हापूरला निघाला होता. तोवर आमच्यावर एकच काम होतं, सरांना श्वासासकट तिथे पोचवणं.

टाकीवर दोन गोष्टी होत्या. किती लिटर सुटतोय हे दाखवणारी काचेची नळी, जिच्यातली गोळी कधीकाळी अडकून बसली होती आणि टाकी बंद असतानाही आठ दाखवत असे. आणि टाकीत किती उरलाय हे दाखवणारा काटा. तो बरोबर चालत होता. निघताना तो एकशेचाळीसवर होता.

माझ्या मांडीवर एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट होतं. हाताला काम असलं की मन ताळ्यावर राहतं, म्हणून मी पाकिटाच्या पाठीवर दोन उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. आडवीवर मैलाचे दगड, उभीवर काटा. शेजारी कोष्टक. दहा किलोमीटर झाले, काटा एकशेतीस. वीस झाले, एकशेवीस. तीस, एकशेदहा. ठिपके असे एका ओळीत बसले की माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वर्गात मेणबत्ती जाळून, बादली गळवून, मी पोरांना असली सरळ रेषा कधी दाखवू शकलो नव्हतो. प्रत्येक वेळी एक ठिपका उनाडक्या करायला बाहेर जाई आणि मला 'प्रायोगिक चूक' म्हणून सावरून घ्यावं लागे. इथे एका खिळखिळ्या मॅटाडोरमध्ये स्थिर दर माझ्यासमोर मूर्तिमंत उभा होता. मी एक्स-रेच्या फिल्मची कड पट्टीसारखी धरून रेषा पुढे वाढवली आणि खाली लिहिलं, य = १४० − क्ष.

"काकू, काळजी नाही," मी म्हणालो. "कोल्हापूरला पोचल्यावरही टाकीत उरतोय."

"नक्की?"

"समीकरणच मांडलंय."

सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. मास्कच्या आत हसले असावेत. मास्कवर वाफ धरली होती, त्यामुळे खात्री देता येत नाही.

नांदगाव तिठ्यावर सत्यवानने गाडी हळू केली. "कणकवलीक वाट वाकडी करून दुसरी टाकी घेवया काय? जाऊन-येऊन तास जायत."

मी पाकिटाकडे पाहिलं. रेषा पट्टीने ओढलेली होती. "गरज नाही," मी म्हणालो. "तुझं ॲव्हरेज बरोबर आहे."

"मगे?" सत्यवान खूष होऊन म्हणाला. "माका चुकीचा सांगूक येताच नाय."

फोंड्याच्या पुढे घाट सुरू झाला. गाडी दुसऱ्या गियरवर आली, मग पहिल्यावर. पुढे आंब्याचे ट्रक होते, त्यांच्यापुढे चिऱ्याचे. उकाडा असा की टाकीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसे. मी दगड पाहून ठिपका टाकला. तो रेषेच्या खाली पडला. प्रायोगिक चूक, मी सवयीने म्हणालो. पुढचा ठिपका आणखी खाली पडला. सत्यवानची किलोमीटरला एक असलेली रेघ आता दोनाला पोचली होती.

"सत्यवान, काटा जोरात पडतोय."

"घाटात गाडी जास्त खाता," तो म्हणाला. "चढ आसा ना."

मी मान डोलावली. हे मी का मान्य केलं ते मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणी चढावर ऑक्सिजन जास्त लागतो ही गोष्ट मला अगदी सयुक्तिक वाटली होती.

आणखी दोन वळणं गेली आणि गाडी थांबली. पुढचा ट्रक थांबला होता, कारण त्याच्या पुढचा थांबला होता. सत्यवान उतरून वर जाऊन आला.

"वळणार चिऱ्याच्या ट्रकाचो एक्सल तुटलो," तो म्हणाला. "आडवो पडलो हा. चिरे उतरल्याशिवाय बाजूक घेवक येवचो नाय."

"किती वेळ?"

"कोण म्हणता अर्धो तास, कोण म्हणता संध्याकाळ."

"मागे फिरू या."

त्याने नुसतं मागे बोट दाखवलं. आमच्या मागे एसटी लागली होती, एसटीच्या मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे लग्नाचं वऱ्हाड. एका बाजूला कडा होता, दुसऱ्या बाजूला दरी. आंब्याचे ड्रायव्हर खाली उतरून पेट्यांना वारा लागतोय का ते बघत होते. त्यांचा माल पिकत चालला होता, त्यामुळे तेही चिंतेत होते.

एक मोटरसायकलवाला गाड्यांच्या फटीतून वर निघाला होता. सत्यवानने त्याला हँडल धरूनच थांबवलं. "वाटेवरल्या राधानगरीच्या सरकारी दवाखान्यात सांगशीत? आक्सिजनची टाकी दारात आणून ठेवा म्हणान. पेशंट येता." तो बरं म्हणाला आणि निघून गेला. सांगेल की नाही, हे त्याचं त्याला माहीत.

मी स्टुलावर येऊन बसलो. काटा पाहिला. एक रेघ उतरला होता. गाडी जागेवर होती. थोड्या वेळाने आणखी दोन. मी त्याच दगडावर, आधीच्या ठिपक्याच्या बरोबर खाली दुसरा ठिपका काढला. मग त्याच्या खाली तिसरा. सकाळपासून शहाण्या मुलासारखी चालणारी माझी रेषा आता सरळ खाली विहिरीत उतरत होती. गाडी उभी होती आणि काटा चालला होता. मी घामाने निथळत ठिपके काढत राहिलो. काटा सत्तरच्या खाली आला. मग साठच्या.

"काय चाललंय?" सरांनी मास्क बाजूला करून विचारलं.

"मास्क!" काकू म्हणाल्या.

"दाखवा," सर मला म्हणाले.

मी पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी ते इतका वेळ पाहिलं की मला वाटलं डोळे उघडे ठेवूनच झोपले.

"प्राध्यापक," ते म्हणाले, आणि दोन शब्दांमध्ये एक श्वास घेत पुढे बोलले, "मी... कशाने श्वास घेतो?"

"म्हणजे?"

"डिझेलने?"

"नाही सर."

"मग आडव्या रेघेवर... किलोमीटर कशाला?"

मी पाकीट आपल्याकडे वळवून घेतलं. लाज वाटायलाही थोडा निवांतपणा लागतो, तो नव्हता. सकाळभर सत्यवान ज्या वेगाने गाडी हाकत होता त्या वेगाने मिनिटं आणि किलोमीटर हातात हात घालून चालले होते, एवढंच. टाकीला रस्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती मिनिटाला सहा लिटर सोडत होती, गाडी चालो, थांबो, दरीत जावो.

मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पाकीट उलटं केलं, नवीन रेघा ओढल्या. आडवीवर मिनिटं. काटा पन्नासवर होता.

"किती?" सरांनी विचारलं.

"सव्वा तास. थोडा जास्त."

"आणि लागणार किती?"

सत्यवान दारात उभा होता. "ट्रक हलाक तास तरी. मगे राधानगरी एक तास."

एसटीचा ड्रायव्हर उगाचच हॉर्न वाजवत होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी समीकरण मांडलंय असं म्हणालो होतो, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"उतार बदला," सर म्हणाले.

"काय, सर?"

"दर स्थिर आहे. ठरवला कुणी? डॉक्टरांनी. सहावर ठेवला म्हणून सहा. तीनवर ठेवा... तीन होईल."

"काहीही काय बोलता!" काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेत हात लावायचा नाही."

"डॉक्टर... या घाटात बसलेत का?"

"तुम्हाला दम लागेल."

"लागेल."

"अंग निळं पडेल."

"कुसुम, सहावर... सव्वा तास झकास जगेन. मग?"

काकूंनी चावीवरचा पदर घट्ट धरला. मी सरांकडे पाहिलं, सर माझ्याकडे. वर्गात फळ्यापाशी बोलावून खडू पुढे करत, तसं त्यांनी चावीकडे बोट केलं.

"काकू, पदर काढा," मी म्हणालो.

"तू जबाबदारी घेतोस?"

मी घेतो म्हणालो. काकूंनी पदर उचलला. मी चावी सहावरून पाच, चार, तीन अशी आणली. मास्कमधली फुसफुस बारीक झाली. आम्ही तिघंही, सत्यवानसकट, सरांच्या छातीकडे बघत राहिलो. ती आधीपेक्षा भरभर हलू लागली. सरांनी हाताने खूण केली, चालू द्या.

मी कोष्टक पुन्हा सुरू केलं, यावेळी घड्याळावर. नवीन रेषा आधीच्या रेषेच्या निम्म्या उताराची होती. चिऱ्यांचा ट्रक दीड तासाने हलला. लोकांनी हातोहात चिरे उतरवले, त्यात सत्यवान होता, एसटीचा कंडक्टर होता, वऱ्हाडातला नवरदेवही होता म्हणे. गाडी सुरू झाली तेव्हा काटा तेवीसवर होता. मी रेषा वाढवून पाहिली. ती राधानगरीच्या जरा पुढे जमिनीला टेकत होती. जरा म्हणजे पेनाच्या टोकाएवढी.

"पोचतो," मी म्हणालो.

"किती उरतंय?" सरांनी विचारलं.

"पुरतंय सर."

"उरतंय किती, विचारलं."

मी पाकीट दाखवलं. त्यांनी पेनाच्या टोकाएवढी ती जागा पाहिली आणि डोळे मिटले.

घाटमाथा गेला. दाजीपूरचं जंगल लागलं. सत्यवान आता ॲव्हरेजविषयी बोलत नव्हता, नुसता हाकत होता. खड्डा आला की टाकी पट्ट्यात घुसमटल्यासारखा आवाज करी. काकू डोळे मिटून ओठांत रामरक्षा पुटपुटत होत्या. मी पाच-पाच मिनिटांनी ठिपका टाकत होतो. पहिला रेषेवर बसला. दुसरा रेषेच्या थोडा वर.

मी डोळे पुसून पुन्हा काटा पाहिला. वरच होता. त्यानंतरचा ठिपका आणखी वर गेला. काटा हळू उतरू लागला होता!

"सर!" मी जवळजवळ ओरडलो. "आपण रेषेच्या वर आहोत! आता आरामात पोचतो!"

सरांनी डोळे उघडले नाहीत. काकूंनी डोळे न उघडता हात जोडले.

मी आनंदाने पाकिटाकडे बघत बसलो, आणि मग ठिपके पुन्हा एकदा तपासले. काटा हळू का उतरेल? लोखंडाच्या टाकीला दया येत नाही. मारुतीरायाच्या कृपेने दर बदलतो असं मी कुठे शिकलो नव्हतो. दर स्थिर होता, कारण चावी तीनवर होती. तो बदलला, म्हणजे चावी तीनवर नव्हती.

मी पाकिटावरून नजर उचलून पहिल्यांदाच नीट सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते. कपाळावर घाम होता. डावा हात छातीवर होता. उजवा दिसत नव्हता. तो शालीखालून उशाकडे, टाकीच्या मागे गेला होता. माझा आलेख सुधारत होता, कारण माझा पेशंट मरत चालला होता.

मी उठलो. सरांनी डोळे उघडले. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोराला खाली बसवणारी ती नजर मी पंधरा वर्षांनी पुन्हा पाहिली. त्यांनी डोळ्यांनीच काकूंकडे खूण केली, तिला नाही कळलं पाहिजे. मग मान किंचित हलवली, बसा.

मी बसलो.

मी स्वतःला सांगितलं, पुढचा ठिपका येईपर्यंत थांबायचं. एकच ठिपका. मग उठून चावी सरळ करायची, ते काहीही म्हणोत. घड्याळाचा काटा मिनिटाच्या एका घरातून दुसऱ्या घरात जायला जे काही करत होता ते चालणं नव्हतं. सरांचा श्वास आता घशात वाजत होता. एकदा तो थांबला. मी मोजायला लागलो, तेवढ्यात पुन्हा सुरू झाला.

वेळ झाली. मी उठता उठता आधी काट्याकडे पाहिलं, आणि उठायचा थांबलो.

काटा धाडकन खाली आला होता. दोन ठिपक्यांत कमावलेलं सगळं एका ठिपक्यात गेलं होतं. रेषेच्या वर असलेले आम्ही पुन्हा नेमके रेषेवर होतो. मी सरांच्या ओठांकडे पाहिलं. जांभळाचा रंग उतरून ते फिकट झाले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात आता छातीवर होता, थकून पडल्यासारखा.

काकूंची रामरक्षा चालू होती. पदर गुडघ्यांवरून घसरून टाकीवर पडला होता. त्या पदराखाली काहीतरी हललं. त्यांचा डावा हात.

मी बघतोय हे त्यांना डोळे मिटून कसं कळलं कोण जाणे. त्यांनी एक डोळा उघडला. ओठ हलायचे थांबले नाहीत. डोळा आधी सरांकडे गेला, मग माझ्याकडे आला, आणि त्याने मला अगदी तेच सांगितलं जे पाच मिनिटांपूर्वी सरांच्या डोळ्यांनी सांगितलं होतं. यांना नाही कळलं पाहिजे.

त्यानंतर राधानगरीपर्यंत मी जे पाहिलं ते असं. सर थोडे भानावर येत. त्यांचा उजवा हात सावकाश शालीखाली जाई, आणि माझा पुढचा ठिपका रेषेच्या वर चढे. मग त्यांना ग्लानी येई, हात गळून पडे, काकूंचा पदर हले, आणि ठिपका रेषेच्या खाली येई. ते वाचवत होते, त्या खर्च करत होत्या. ते काकूंसाठी जिवंत पोचायचं म्हणून श्वास कमी घेत होते आणि काकूंना ते आत्ता जिवंत हवे होते. मी ठिपके टाकत होतो, आणि ठिपके रेषेच्या वर-खाली होत होत शेवटी रेषेलाच धरून होते. बाहेरच्या कुणी ते पाकीट पाहिलं असतं तर म्हणाला असता, दर स्थिर आहे.

उठून चावी आपल्या हातात घ्यावी असं मला दहादा वाटलं. पण कुठे ठेवायची? वर ठेवली तर वाटेत टाकी संपणार, खाली ठेवली तर वाटेत संपणार ते वेगळंच. तिसरा हात घालायला तिथे जागा नव्हती.

काटा पाचवर आला. "सत्यवान, किती राहिलं?"

"ह्या वळणार धरण दिसात."

धरण दिसलं. काटा तीनवर. मग दोनवर. मग काट्याने शून्याच्या खिळ्याला अंग टेकलं. मास्कमधली फुसफुस अजून चालू होती, पण ऐकायला कान लावावा लागत होता. काकूंचा हात आता उघडाच चावीवर होता. चावी किती फिरवली तरी काही फरक पडत नव्हता. सरांचा हात शोधत शोधत आला आणि चावीऐवजी त्यांच्या हातावर पडला. तो तिथेच राहिला.

फुसफुस थांबली.

"सत्यवान!"

"इलंय! इलंय!"

गाडी फाटकातून आत वळताना तिचा बॅट-चेंडूचा भाग खांबाला घासला. पायरीवर एक वॉर्डबॉय बसला होता, आणि त्याच्या शेजारी, हात धरून उभी केल्यासारखी, भरलेली टाकी होती. मोटरसायकलवाला बोलून गेला होता. त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या वॉर्डात सरांना बोलायला परवानगी मिळाली. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. काकू खाटेशेजारी बसून मोसंबं सोलत होत्या, प्रत्येक फोडीचं साल काढून, बी काढून, बशीत मांडत होत्या. मी निरोप घ्यायला आलो होतो. कॉलेजचे पेपर तपासायचे राहिले होते.

"प्राध्यापक, बसा," सर म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यात खडू होता. "दोन दिवस एका गोष्टीचा उलगडा होत नाही."

"काय, सर?"

"ट्रक हलला तेव्हा काटा किती होता?"

"तेवीस."

"तुमची रेषा तीन लिटरची. ती राधानगरीशी जमिनीला टेकत होती. बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या मोसंब्यात गढलेल्या होत्या. सर आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "वाटेत मी जरा काटकसर केली होती. तुम्ही पाहिलंत."

"हो."

"मग काटा दारात शून्यावर कसा? मी हिशोब केला. पडल्या पडल्या दुसरं करणार काय. सात-आठ रेघा उरायलाच हव्यात."

काकूंची बोटं फोडीवर थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"टाकी गळत असेल, सर," मी म्हणालो.

"गळत असेल?"

"जुनी होती."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो.

"गळत असती तर घाटाखालीही गळली असती," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "तिथे तुमचे ठिपके शिस्तीत होते. मी कमी केलं की तेवढ्यापुरतीच गळते, आणि जेवढं वाचवलं नेमकं तेवढंच गळते. अशी टाकी, प्राध्यापक, मी..."

ते थांबले. डोळे उघडले, आणि मान वळवून काकूंकडे बघत राहिले.

"आ करा," काकू म्हणाल्या.

"कुसुम..."

"आ करा म्हटलं ना."

सरांनी आ केला. काकूंनी फोड तोंडात घातली. ती चावून संपेपर्यंत सरांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही, आणि काकूंनी बशीवरची. मग सर माझ्याकडे वळले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही चुकीच्या उत्तराला कधी अर्धा मार्कसुद्धा दिला नव्हता.

"असेल," ते म्हणाले. "गळत असेल."